नऊशे नव्व्याण्णव तुकडे

सुट्ट्या संपल्या की पहिल्या शनिवारी सगळं शहर दमून पाय ताणून बसतं, आणि नेमक्या त्याच दिवशी मोजणीबाई कंबर कसून उभ्या राहतात. सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर खेळण्यांची लायब्ररी आहे, ती त्यांची. म्हणजे सरकारी कागदावर ती कुणाचीही असो, किल्ल्या एकोणीस वर्षं त्यांच्याकडे आहेत. सुट्टीभर घरोघरी गेलेली खेळणी त्या शनिवारी परत येतात. चाकं निखळलेल्या गाड्या येतात, एक फासा कमी असलेले डाव येतात, आणि पझलांचे डबे येतात, एकावर एक रचलेले, पार दारापर्यंत.

मोजणीबाई हे आईवडिलांनी ठेवलेलं नाव नाही. ते मुलांनी ठेवलं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. मोजायलाच बसवलंय मला." त्यामुळे चिडवण्यातली सगळी मजाच गेली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच, आता वाचनालयाचे साहेबसुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारतात आणि मग जीभ चावतात.

खरं सांगायचं तर मोजण्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. मुलांना त्या बजावून सांगत, "पझल घरी नेलं की आधी मोजा, मग खेळा," पण ते मुलांसाठी. स्वतःसाठी त्यांचा नियम निराळा होता. एका डब्यातला तुकडा दुसऱ्या डब्यात पडला तर आकडा बरोबर येतो आणि चित्र चुकतं. म्हणून परत आलेलं प्रत्येक पझल पुरतं लावून बघायचं. लागलं तर झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावर तारीख, सही आणि एकच शब्द, 'पूर्ण'. मोजणीबाईंच्या हातचं 'पूर्ण' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्या स्वतःच सांगत, आणि सांगताना जराही लाजत नसत.

आता चाळीस-पन्नास पझलं एकटीनं लावायची म्हणजे पुढची सुट्टी उजाडेल. तेव्हा त्यांनी सगळ्या घरालाच कामाला जुंपलं होतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी लोक बागेत जातात, तळ्यावर जातात, सिनेमाला जातात. हे कुटुंब लायब्ररीत जातं. वाचनालय बंद असतं, हॉल मोकळा असतो, सहा टेबलं जोडून एक लांबलचक टेबल करता येतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला यंत्राचं पोट उघडायची सवय, म्हणून मोटारी, इंजिनं, विमानं त्याच्या वाट्याला. सासऱ्यांची उभी नोकरी टपालखात्यात पत्रं वेगळी करण्यात गेलेली. त्यांच्यापुढे तुकड्यांचा ढीग ओतला की ते बघता बघता कडेचे इकडे, निळे तिकडे, हिरवे पलीकडे असे फेकत सुटत, जणू अजून संध्याकाळची गाडी गाठायची आहे. सोळा वर्षांची थोरली आणि दहा वर्षांचा धाकटा एकमेकांशी भांडत भांडत प्राणी-पक्षी लावत. घरात एरवी दोघांचं एका खोलीत पटत नसे, पण त्या दिवशी भांडण कामी येई.

घरातला आणखी एक रिवाज होता. सगळ्यात मोठं पझल सर्वांत शेवटी घ्यायचं, आणि त्यातला शेवटचा तुकडा जो लावेल त्यानं ठरवायचं की रविवारची संध्याकाळ कुठे घालवायची. नियम चांगला होता, पण त्यानं एका सज्जन कुटुंबाला चोरीची सवय लावली. जो तो एक-एक तुकडा लपवायला लागला. बाहीत, खिशात, मोज्यात, एकदा तर नवऱ्यानं पावाच्या डब्यात. शेवटी मोजणीबाईंनी कायदा केला की तुकडा खिशात चालेल, पण हॉलच्या बाहेर नाही. कायदा करून त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, कारण काम वेळेत होत होतं आणि सगळे हसत होते.

यंदाच्या शनिवारी दुपारी गर्दी जरा ओसरली, तेव्हा एक मुलगी आली. आठ-नऊ वर्षांची, समोरचा एक दात नवा आणि बाकीच्यांपेक्षा मोठा. हातात बंदराच्या पझलचा डबा, हजार तुकड्यांचा. अर्धं चित्र नुसतं आकाश; त्यामुळे तो कुणी नेतच नसे. मागे तिचे वडील होते, कोपऱ्यावरच्या बेकरीत काम करणारे. सरळ भट्टीवरूनच आले असावेत, शर्टाच्या बाह्यांना पीठ होतं.

"यात एक कमी आहे, मोठ्या जहाजाच्या वरचा, आकाशातला," मुलगी म्हणाली. डबा टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाली.

"कधी हरवला?"

"हरवला नाही. नव्हताच. मी घरी नेल्या नेल्या मोजले होते. नऊशे नव्व्याण्णव होते. मग परत मोजले."

मोजणीबाईंनी झाकण उलटं केलं. चिठ्ठी होती, सही होती, 'पूर्ण' होतं. तारीख मागच्या सुट्टीनंतरची. मधल्या काळात डबा कुणी नेलेलाच नव्हता. म्हणजे प्रश्नच मिटला.

"हे बघ बाळा, ही माझी सही. इथून अर्धवट पझल बाहेर जात नाही. एकोणीस वर्षांत गेलेलं नाही."

"पण मी मोजले होते."

"मोजताना चुकतं कधीकधी."

वडिलांचा चेहरा उतरला. मागे चार पालक उभे होते, त्यातले दोघे त्यांच्या ओळखीचे. "मी हिला तेव्हाच म्हटलं होतं, घरातच कुठेतरी असेल म्हणून," ते म्हणाले. "हिचं रोजचंच आहे हो हे. पेन्सिली हरवायच्या, रुमाल हरवायचे. आणि वर आता खोटं बोलायला शिकलीय."

'खोटं' हा शब्द मोजणीबाईंना जरा टोचला. पण नियम म्हणजे नियम. तुकडा हरवला तर तीन महिने कार्ड जमा. त्यांनी मुलीचं कार्ड खणात टाकलं. मुलगी रडली नाही. तिनं एकदा चिठ्ठीकडे बघितलं, एकदा मोजणीबाईंकडे, आणि वडिलांच्या मागून चालू लागली. रडली असती तर बरं झालं असतं, असं मोजणीबाईंना उगाचच वाटून गेलं. मग पुढचा डबा आला आणि त्या विसरल्या.

रात्री जेवताना त्यांनी ती हकीकत सांगितली. सांगण्यात थोडा तोराही होता. नाही म्हणायचं कारण नाही, त्यांना आपल्या कडकपणाचा अभिमानच होता. "आजकालची मुलं एवढीशी असतात, पण कशी ठासून सांगतात! नऊशे नव्व्याण्णव म्हणे!"

सासरे खाता खाता थांबले. "कुठला तुकडा कमी आहे म्हणालीस?"

"आकाशातला. मोठ्या जहाजाच्या वरचा."

"असं," सासरे म्हणाले, आणि ताट अर्धवट टाकून उठले. पोट ठीक नाही म्हणाले. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

रविवारी सकाळी पाचही जण लायब्ररीत हजर झाले. थर्मासमध्ये चहा, डब्यात खाणं, नवऱ्यानं आणलेला मोठा दिवा. कामाला झपाट्यानं सुरुवात झाली. धाकट्यानं दुपारपर्यंत नऊ पझलं लावली आणि प्रत्येक वेळी बाकीच्यांना तो आकडा सांगितला. थोरलीनं एका घुबडाचा डोळा पोपटाच्या डब्यातून शोधून काढला, तेव्हा मोजणीबाईंनी तिला सगळ्यांदेखत शाबासकी दिली, आणि सोळा वर्षांच्या पोरीला ती आवडली, हे तिनं लपवलं तरी दिसलं. चिठ्ठ्या चिकटत होत्या. पूर्ण. पूर्ण. दोन डबे अपूर्ण निघाले, ते बाजूला गेले. मोजणीबाई टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जहाजाच्या कप्तानासारख्या फिरत होत्या.

फक्त सासऱ्यांचं काही खरं नव्हतं. निळा तुकडा हातात घ्यायचे आणि घेऊनच बसायचे.

"नाना, दमलात का? पडा जरा," मोजणीबाई म्हणाल्या.

"दमलो नाही. करतोय की."

चार वाजता बंदर निघालं. हजार तुकड्यांवर पाच जण तुटून पडले तरी त्या आकाशानं घाम काढला. सव्वापाचला सगळं लागलं आणि मोठ्या जहाजाच्या वर एक भोक राहिलं. तीन बाजूंना आकाश आणि खाली शिडाचं टोक.

"चला, कुणाच्या खिशात आहे? काढा!" थोरली ओरडली.

"माझ्याकडे नाही. खरंच नाही!" धाकट्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. त्यातून दोन वेगळेच तुकडे पडले, ते निमूटपणे बाजूला ठेवलेल्या अपूर्ण डब्यात गेले.

"अरे वेड्यांनो, हा तोच," मोजणीबाई म्हणाल्या. "त्या मुलीनं हरवलेला. हे आता अपूर्णच राहणार."

तेव्हा सासऱ्यांनी खिशातून जुनी चष्म्याची केस काढली. नवा चष्मा झाल्यापासून ती केस कपाटातच पडून होती, आज ती इथे कशी, असं मोजणीबाईंच्या मनात येतंय तोवर त्यांनी ती उघडली, आतून निळा तुकडा काढला आणि भोकात बसवला. तो बसला. अगदी मऊ आवाज करून बसला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मागच्या वेळी," सासरे म्हणाले, "मी हा केसमध्ये लपवला होता. आणि केस भोकावरच ठेवून दिली होती, दिसू नये म्हणून. म्हटलं, शोधू देत थोडा वेळ. तेवढ्यात हिनं आपला तुकडा लावला आणि 'शेवटचा, शेवटचा' म्हणून नाचायला लागली." त्यांनी थोरलीकडे बघितलं. "शाळेच्या पोहण्याच्या संघातून नाव कापलं होतं बघ तुझं. दहा दिवस तोंड पाडून बसली होतीस. त्या दिवशी पहिल्यांदा हसलीस. मग मी कसा बोलणार? म्हटलं, डब्यात भरताना हळूच टाकून देईन. आणि तुम्ही सगळ्यांनी तळ्यावर जायची घाई केलीत. मी केस उचलली, खिशात टाकली, आणि विसरलो. काल जेवताना, सूनबाई, तू आकाश म्हणालीस आणि मला ती केस आठवली. कपाट उघडून बघितलं तर आत हा."

"मग कालच का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही," म्हातारा सरळ म्हणाला.

मोजणीबाईंना राग आला, पण तो सासऱ्यांवर टिकेना. तुकडा खिशात चालेल हा कायदा त्यांचाच. आणि सही? सही कुणाची? त्यांना तो दिवस लख्ख आठवला. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, इकडे पोरगी नाचत होती आणि त्यांनाही तिच्या हसण्याचं इतकं बरं वाटलं होतं की त्यांनी चित्राकडे न बघताच 'पूर्ण' लिहून टाकलं. चष्म्याची केस उचलून बघणं हे त्यांचं काम होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं. एकोणीस वर्षांत एकदा त्यांनी आरडाओरड्यावर सही केली होती.

नवरा समजूतदार माणूस. अडकलेल्या लिफ्टमधल्या लोकांशी दाराआडून शांतपणे बोलायची त्याला सवय. "अगं, एवढं काय? उद्या बोलावून कार्ड देऊन टाक. तुकडा सापडला म्हण. सापडलाच आहे की."

"कुठे सापडला म्हणून सांगू?"

"विचारणार कोण?"

खरंच, कोण विचारणार? बेकरीवाला तर सुटलो म्हणून आभार मानेल वर. मोजणीबाई थर्मासमधला चहा ओतून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तो संपेपर्यंत त्यांनी त्या बेताचा प्रामाणिकपणे विचार केला. बेत सोपा होता. एकोणीस वर्षांना ओरखडासुद्धा पडला नसता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ती पोर येत राहिली, घरी जाऊन पुन्हा पलंगाखाली वाकून बघणारी. एव्हाना तिलाही वाटायला लागलं असेल का, की आपणच मोजायला चुकलो? याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. मोजा, हे तिला त्यांनीच शिकवलेलं. तिनं मोजलं, बरोबर मोजलं, आणि वर त्यांनीच तिला सांगितलं की चुकतं कधीकधी.

"मी जाऊन येते," त्या कप ठेवून म्हणाल्या. "पत्ता कार्डावर आहे."

"थांब," सासरे म्हणाले. "शेवटचा तुकडा मी लावलाय. संध्याकाळ कुठे घालवायची ते मी ठरवणार."

"नाना, आत्ता हे काय?"

"त्या मुलीकडे जायचं. सगळ्यांनी."

"ही काय फिरायला जायची जागा आहे?" धाकटा कळवळला. त्याला स्केटिंगला जायचं होतं.

"मी येणार," थोरली म्हणाली. "नाचले मी होते."

"अहो, सगळी पलटण कशाला?" मोजणीबाई म्हणाल्या, पण नवरा टेबलं जागेवर लावायला लागला होता. डबा त्यांनी बरोबर घेतला नाही. कार्ड मात्र पर्समध्ये ठेवलं.

बेकरीच्या मागची इमारत, दुसरा मजला. लिफ्ट होती, पण मधेच आचका देत होती, आणि नवऱ्यानं तिच्याकडे असं बघितलं की मोजणीबाईंना म्हणावं लागलं, "आज नाही." दारावर त्यांनीच टकटक केली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. दार उघडलं ते बेकरीवाल्यांनी, खांद्यावर टॉवेल. दारात पाच माणसं बघून ते दचकले.

"बाई, तुम्ही? आणखी काही कमी निघालं का?"

मोजणीबाईंनी वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. त्यांचा आवाज पुऱ्या हॉलला पुरायचा, साहेबांपुढे कधी बसला नव्हता. आता तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. "तुकडा सापडला," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांना नवऱ्याचा बेत आठवला.

वडिलांच्या कोपराखालून मुलीचं डोकं बाहेर आलं. "कुठे?"

विचारणारी निघालीच.

"आमच्याकडे," मोजणीबाई म्हणाल्या, आणि आता आवाज आपल्या जागेवर आला. "आमच्या माणसाच्या खिशात राहिला होता. तू डबा नेलास तेव्हा त्यात तो नव्हताच. मी न बघता सही केली होती. चूक माझी आहे. तू बरोबर मोजलं होतंस."

"नऊशे नव्व्याण्णव," मुलगी म्हणाली.

"नऊशे नव्व्याण्णव."

"म्हणजे मी हरवला नव्हता."

"तू हरवला नव्हतास. आणि तू खोटंही बोलली नव्हतीस." हे वाक्य त्यांनी मुलीकडे बघून सुरू केलं आणि तिच्या वडिलांकडे बघून संपवलं. मागून सासरे पुढे झाले, म्हणाले, "तो माणूस मी," आणि त्या एवढ्याशा पोरीपुढे त्यांनी मान खाली घातली.

मोजणीबाईंनी कार्ड पुढे केलं. मुलीनं ते घेतलं, पण बघितलंही नाही. ती काहीतरी विचार करत होती. मग तिनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"परत सांगा ना. आजी आत आहे. तिला कमी ऐकू येतं."

बेकरीवाले म्हणाले, "अगं, राहू दे, बाईंना काय..." पण मोजणीबाई आत शिरल्या होत्या. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, हॉलमध्ये बोलायच्या त्या आवाजात. माझी सही, माझी चूक, तुमची नात बरोबर. पलंगावरच्या म्हातारीनं ऐकलं, नातीकडे बघितलं आणि म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?" ती काय म्हणत होती ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तिला तेवढ्यानं फार समाधान वाटलेलं दिसलं.

मोजणीबाईंना हलकं वाटलं. इतकं हलकं त्यांना गेल्या कित्येक 'पूर्ण'नंतर वाटलं नव्हतं. त्या निघाल्या. सगळे जिन्यापाशी आले. मुलगी उघड्या दारात उभी होती, कार्ड दोन्ही हातांत धरून.

"शेजारच्या काकूंना पण सांगा," ती म्हणाली. "बाबांनी काल त्यांना पण सांगितलं होतं."

मोजणीबाई वळल्या. खरं तर त्या सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगायला तयार होत्या. पण बेकरीवाले, जे इतका वेळ टॉवेलला हात पुसत उभे होते, ते पाच जणांच्या मधून वाट काढत पुढे गेले, शेजारच्या दारापुढे उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच बेल वाजवली.